किंमत ऐकू येत नाही

हेडफोनचा आवाज त्याच्या किमतीबरोबर चढत जातो, हे मत आता इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची गरज कुणालाच वाटत नाही. दुकानदार ते सांगतो, गाणे शिकणाऱ्या मुलीला तिच्या वर्गातले सोबती सांगतात, आणि तीन-चार हजारांत कानाभोवती बसणारा हेडफोन शोधणाऱ्याला शेवटी ऐकवले जाते, ‘या पैशांत कामचलाऊच मिळणार. खरा आवाज हवा असेल तर तीस हजारांच्या पुढे जा.’ या मताचा फटका फक्त खिशाला बसत नाही. ज्याला तीस हजार झेपत नाहीत, तो आपल्याला संगीत नीट ऐकू येणारच नाही असे धरून चालतो आणि हाताला लागेल ते उचलतो. ज्याला झेपतात, तो किंमत पाहून निवड करतो आणि ती वस्तू आपल्या डोक्याला, कानाला जुळते का, हे पाहायचेच विसरतो. नुकसान दोघांचेही होते. म्हणून हे मत आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडून मग खोडून काढले पाहिजे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. कानाभोवती बसणाऱ्या हेडफोनचा नाद मुख्यतः दोन गोष्टींनी ठरतो: त्याची ध्वनिजुळणी कशी केली आहे, आणि त्याची गादी कानाभोवती कशी बसते. यांपैकी एकही गोष्ट किमतीला बांधलेली नाही. आणि दुसरी गोष्ट, जिला आपण आराम म्हणतो, ती नादाचीच पहिली अट आहे.

पूर्वपक्ष

किमतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे तीन युक्तिवाद आहेत, आणि ते वरवर पाहता भक्कम आहेत.

पहिला द्रव्याचा. चांगला चुंबक, पातळ आणि ताठ पडदा, नेटके वळवलेले वेटोळे या साऱ्याला पैसा लागतो. स्वस्त वस्तूत निर्मात्याला कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो, आणि तो आवाजातच घेतला जाणार.

दुसरा अनुभवाचा. ज्यांनी महागडे हेडफोन लावून पाहिले, त्यांना ओळखीच्या ध्वनिमुद्रणात पूर्वी न ऐकलेले बारकावे सापडले. हजारो श्रोत्यांचा अनुभव खोटा कसा म्हणायचा?

तिसरा आरामाविषयीचा. आराम ही ऐषाची गोष्ट आहे. आवाज चांगला असेल तर कान थोडे दुखले तरी सोसावे, आणि मऊ गाद्यांचे कौतुक करणाऱ्याला सुराची पारख नाही असे समजावे. स्वस्तात दोन्ही मिळत नसल्याने आवाज आधी बघावा, आराम मागाहून.

तीनही युक्तिवादांच्या मुळाशी एकच व्याप्ती गृहीत धरलेली आहे: जिथे धूर तिथे अग्नी, तशी जिथे किंमत तिथे नाद. न्यायशास्त्राची रीत अशी की व्याप्ती मोडायला व्यभिचार दाखवावा लागतो. म्हणजे हेतू (इथे किंमत) आहे पण साध्य (नाद) नाही, अशी उदाहरणे द्यावी लागतात. तुरळक उदाहरणांना अपवाद म्हणून बाजूला सारता येते. पण इथे व्यभिचार तुरळक नाही.

मोजमाप काय सांगते

२०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने ‘जर्नल ऑफ द अकूस्टिकल सोसायटी ऑफ अमेरिका’मध्ये २८३ हेडफोनांच्या मोजमापाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. कानाभोवती बसणारे, कानावर टेकणारे आणि कानात घालायचे असे तिन्ही प्रकार त्यात होते. प्रत्येकाचा वारंवारता-प्रतिसाद, म्हणजे खर्जापासून तारेपर्यंतचा कोणता सूर तो किती जोराने देतो याचा आलेख, घेऊन त्याची किरकोळ विक्रीच्या किमतीशी तुलना केली. या प्रतिसादाचा आणि किमतीचा संबंध जुळत नाही, हा त्यातला मुख्य निष्कर्ष. लेखाचे शीर्षकही तेच सांगते. महागडा हेडफोन आदर्श आलेखाच्या जवळ असेल आणि स्वस्त लांब असेल, असा कल त्या संचात आढळला नाही.

यावर लगेच आक्षेप येतो, की आलेख म्हणजे आवाज नव्हे. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हार्मन कंपनीच्या प्रयोगशाळेत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि ओमिद खोन्सारीपूर यांनी केलेल्या कामात मिळते. २०१८ साली त्यांनी कानाभोवतीचे आणि कानावरचे मिळून ३१ हेडफोन १३० श्रोत्यांकडून तपासून घेतले. त्यांत तयार कानाचे श्रोते होते आणि सामान्यही. प्रयोगाची पद्धत महत्त्वाची आहे. श्रोत्यांच्या डोक्यावर सर्व वेळ एकच हेडफोन होता. ईक्वलायझरने त्याचा प्रतिसाद आळीपाळीने प्रत्येक हेडफोनसारखा करून ऐकवला. त्यामुळे नाव, रूप, वजन, स्पर्श यांपैकी काहीच मध्ये आले नाही. दोन्ही प्रकारच्या श्रोत्यांनी सरासरीने ज्याला सर्वांत वर ठेवले, तो हार्मनच्या ठरवलेल्या लक्ष्य-आलेखाशी जुळणारा प्रतिसाद होता. त्या आलेखापासून एखादा हेडफोन किती ढळतो, एवढ्यावरून श्रोते त्याला किती गुण देतील याचे भाकीत बऱ्याच अचूकपणे करता आले.

या दोन कामांचा एकत्र विचार केला की पूर्वपक्षाचा पाया खचतो. श्रोत्याची पसंती बव्हंशी प्रतिसादावर ठरते, आणि प्रतिसाद किमतीवर ठरत नाही. मग किंमत पाहून पसंतीचे अनुमान करणे हा सव्यभिचार हेत्वाभास ठरतो.

द्रव्याचा युक्तिवाद का पडतो

‘असे कसे होईल? चांगल्या द्रव्याला पैसा लागतोच ना?’ हा प्रश्न उरतो. उत्तरासाठी हेडफोनच्या आत पाहावे लागेल.

बहुतेक हेडफोनांत ४० किंवा ५० मिलिमीटर व्यासाचा, पॉलिस्टरच्या अतिपातळ पटलाचा पडदा असतो. त्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि मागे निओडिमियमचे चुंबक. एकेकाळी लहान आणि जोरकस चुंबक खरोखरच महाग होता. १९८० च्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले, त्यांचे उत्पादन वाढले आणि ही अडचण सरली. आज पडदा, वेटोळे आणि चुंबक मिळून जो खर्च होतो, तो तीन हजारांच्या हेडफोनलाही सहज पेलतो.

खरे अवघड काम पुढे असते. मोकळ्या खोलीतला आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचताना बदलतो. कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी आहे. तिच्यात आणि कानाच्या पाळीच्या खळग्यात अनुनाद होऊन ३००० हर्ट्झच्या आसपासचे सूर कानाच्या पडद्याशी ठळक होतात. मेंदूला जन्मापासून या उठावाची सवय आहे. हेडफोन कानाच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे हा उठाव नेमका तितकाच राखणे ही त्याच्या रचनाकाराची जबाबदारी होते. उठाव कमी पडला की गायकाचा आवाज पडद्याआडून आल्यासारखा वाटतो; जास्त झाला की ओरडल्यासारखा.

ही जुळणी होते कशाने? कपाच्या आतल्या पोकळीच्या आकारमानाने, पडद्यामागच्या छिद्रांवर लावलेल्या कागदाच्या किंवा नमद्याच्या चकतीने, फोमच्या तुकड्याने, गादीच्या खोलीने आणि तिच्या आतल्या कापडाच्या विणीने. यांतले काहीही महाग नाही. महाग आहे ते ज्ञान: कोणती चकती किती दाट हवी, छिद्र किती मोठे हवे, हे मोजून, ऐकून, पुन्हा मोजून ठरवणे. हे काम एकदाच करायचे असते आणि त्याचा खर्च लाखो नगांत विभागला जातो. म्हणून जाणता रचनाकार स्वस्तात उत्तम जुळणी देऊ शकतो, आणि बेरिलियमचा पडदा वापरूनही चुकीची जुळणी महागच विकली जाते.

इतिहासही याला दुजोरा देतो. १९५८ साली मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून घरगुती श्रोता हा या वस्तूचा मुख्य गिऱ्हाईक राहिला आहे. सेनहायझरचा एचडी ४१४ हा १९६८ मध्ये आलेला पहिला उघड्या पाठीचा हेडफोन. त्याचे एक कोटीहून अधिक नग खपले. सामान्य माणसाला तो परवडल्याखेरीज हे शक्य नव्हते. सोनीचा एमडीआर-७५०६ १९९१ पासून मिळतो आहे, अमेरिकेत साधारण १०० डॉलरला. रेडिओ, चित्रीकरणस्थळे आणि ध्वनिमुद्रण यांत तीन दशकांहून अधिक काळ व्यावसायिक लोक तो लावून निर्णय घेत आले आहेत. आपण ऐकतो त्या असंख्य मुद्रणांच्या तपासणीत असे साधे हेडफोन वापरात होते. ज्या साधनाने मुद्रण तपासले गेले, त्याच दर्जाच्या साधनाने ते ऐकणाऱ्याला ‘तू खरे संगीत ऐकलेच नाहीस’ असे सांगणे अन्यायाचे आहे.

अनुभवाचा युक्तिवाद

आता हजारो श्रोत्यांच्या अनुभवाकडे वळू. त्यांनी बारकावे ऐकले हे मी नाकारत नाही. त्याचे श्रेय किमतीला द्यावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना ४ स्पीकर संच पडद्याआडून आणि पडदा दूर करून अशा दोन्ही प्रकारे ऐकवले. श्रोते ध्वनिसाधनांच्या कंपनीतच काम करणारे होते. तरीही समोरची वस्तू दिसू लागताच गुण बदलले. लहान, स्वस्त संच पडद्याआड जितका आवडला होता तितका तो दिसल्यावर आवडेना. डोळ्यांनी कानांवर कुरघोडी केली, आणि तीही याच क्षेत्रातल्या माणसांच्या कानांवर. यात श्रोत्यांचा अप्रामाणिकपणा नाही. माणसाची जाण अशीच चालते. म्हणूनच उघड्या डोळ्यांनी केलेली तुलना पुरावा म्हणून अपुरी आहे.

दुसरे कारण याहून साधे आहे. दोन आवाजांत किंचित मोठा असलेला आवाज आपल्याला अधिक भरीव आणि स्वच्छ वाटतो. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवले की आवाज लहान असताना आपले कान खर्जाला मंद होतात. त्यामुळे आवाज थोडा वाढवला की खर्ज आपोआप भरतो. दुकानात एकामागून एक लावलेल्या दोन हेडफोनांची पातळी जुळवलेली नसते. जो जोरात वाजतो तो जिंकतो आणि श्रेय त्याच्या किमतीला मिळते.

तिसरे कारण असे की नवी वस्तू लावल्यावर माणूस लक्ष देऊन ऐकतो. ओळखीच्या मुद्रणात तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या, तर त्या पूर्वीही ऐकू येत होत्या. त्यांच्याकडे आपण कान दिला नव्हता.

खोक्यावरच्या आकड्यांनाही इथेच निरोप द्यावा. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हे जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेले असते. त्या कक्षेत पातळी किती डेसिबलने खालीवर होते हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ४० किलोहर्ट्झपर्यंतचा दावा करणारे ‘हाय-रेझ’चे सोनेरी चिन्ह माणसाच्या श्रवणमर्यादेच्या दुप्पट अंतरावरची गोष्ट सांगते. आणि पडदा ५० मिलिमीटरचा आहे, एवढ्यावरून तो ४० मिलिमीटरच्या पडद्याहून चांगला वाजेल असे ठरत नाही.

आराम हा नादाचाच भाग

तिसरा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो श्रोत्याला स्वतःच्या शरीराची तक्रार दुर्लक्षित करायला शिकवतो.

बंद पाठीच्या हेडफोनमध्ये खर्ज कसा निर्माण होतो ते पाहा. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी हवेत सुमारे ७ मीटर असते. कानाभोवतीची पोकळी त्या मानाने नगण्य. इतक्या लहान जागेत तरंग मावतच नाही. पडदा पुढे-मागे होताना कोंडलेली हवा दाबली आणि सैल केली जाते, आणि तो दाबच आपल्याला खर्ज म्हणून ऐकू येतो. याची अट एकच: हवा कोंडलेली राहिली पाहिजे. गादी आणि त्वचा यांच्यात फट राहिली, तर सावकाश होणारा दाबाचा बदल त्या फटीतून निसटतो. झपाट्याने होणाऱ्या बदलांना निसटायला वेळ मिळत नाही. म्हणून फटीतून जातो तो नेमका खर्ज. वरचे सूर तसेच राहतात आणि एकूण आवाज पोकळ, पत्र्यासारखा होतो.

ही फट कुठून येते? चष्म्याच्या काडीने गादी उचलली जाते, कानापुढे दाट केस असतात, जबड्याखालच्या खळग्यात गादी टेकत नाही, कप पुरेसा फिरत नाही. पट्टा सैल असला तर फट राहते, आणि फार घट्ट असला तर अर्ध्या तासात माणूस स्वतःच हेडफोन सरकवून फट करून देतो. टोचणारा हेडफोन कुणीही रचनाकाराने ठरवलेल्या जागी ठेवत नाही. मग त्याच्या प्रयोगशाळेतल्या आलेखाला काय अर्थ उरला? तो आलेख नीट बसवलेल्या गादीचा होता.

वरच्या सुरांचेही तसेच. कानाच्या पाळीपासून ध्वनिपडद्याचे अंतर गादीच्या जाडीने ठरते. गादी उथळ असली की पाळी आतल्या जाळीला टेकते, कान दुखतो, आणि ३००० हर्ट्झच्या वरची सगळी जुळणी बिघडते. एमडीआर-७५०६ ची वर स्तुती केली. त्याच्या गाद्या उथळ आहेत आणि मोठ्या कानांच्या माणसाला तो जुळत नाही, हेही सांगितले पाहिजे. जुन्या, चेपलेल्या गाद्या बदलल्यावर आवाज बदलतो तो याच कारणाने.

आणि आराम तरी किमतीबरोबर वाढतो का? आरामाचे घटक मोजता येतात: वजन, डोक्यावर ते किती रुंद भागावर पसरते, कानांवरचा दाब, गादीचे तोंड आणि खोली. ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स २४० ग्रॅमचा आहे, एकेजीचा के२४० स्टुडिओही तेवढाच. त्यांच्या कित्येक पट किमतीचा ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा. धातू, काच आणि मोठे चुंबक वापरून वस्तू श्रीमंत दिसते, पण ते ओझे मान वाहते. उलट फिलिप्सच्या एसएचपी९५०० सारखा परवडणारा, उघड्या पाठीचा हेडफोन मोठ्या कापडी गाद्यांमुळे तासन्‌तास विसरून जाण्याइतका हलका बसतो.

आरामाला ऐष म्हणणाऱ्यांनी श्रवणाच्या आरोग्याचाही विचार करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर तो सुरक्षित मर्यादेत आहे. ९० डेसिबलला हीच मर्यादा ४ तासांवर येते. गादी नीट बसत नाही तेव्हा खर्ज हरवतो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. दोन्हींची भरपाई माणूस आवाज वाढवून करतो. रोज लोकलमध्ये प्रवास करणारा विद्यार्थी वर्षानुवर्षे असे करत राहिला, तर झालेली हानी भरून निघत नाही. नीट बसणारी गादी त्याला कमी आवाजात पूर्ण संगीत देते. कान वाचवणाऱ्या गोष्टीला चैन म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे.

आपले संगीत, आपली परीक्षा

या सगळ्याचा आपल्या संगीताशी थेट संबंध आहे. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. पण तंबोऱ्याचे वैभव त्या मूळ सुरात फारसे नसते. जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या खास घासणीमुळे, त्या तारेतून निघणाऱ्या स्वयंभू सुरांच्या रांगेत असते, आणि ती रांग हजारो हर्ट्झपर्यंत जाते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास तंबोरा आणि वीणेच्या घोडीचा, आणि त्याआधी १९२० मध्ये शाई लावलेल्या चर्मवाद्यांचा अभ्यास करून दाखवले की आपल्या कारागिरांनी या वाद्यांत उपसुरांची विलक्षण समृद्धी साधली आहे. मिरजेचा कारागीर जवारी काढताना ज्या बारकाव्यासाठी तासन्‌तास घोडी घासतो, तो बारकावा मधल्या आणि वरच्या सुरांच्या समतोलात राहतो.

म्हणून आपल्या श्रोत्याला खर्ज फुगवलेला हेडफोन नको. स्वस्त हेडफोनांविषयीची खरी तक्रार इथे आहे, आणि ती मला मान्य आहे: आपल्या बाजारात दणक्याला मागणी आहे असे समजून कित्येक स्वस्त हेडफोनांत खर्ज इतका वर काढलेला असतो की डग्ग्याचा घुमारा गायकाच्या आवाजावर चढतो आणि तंबोरा बुडून जातो. दुसरीकडे सुपरलक्सच्या एचडी६८१ सारख्या अत्यंत स्वस्त हेडफोनमध्ये वरच्या सुरांना टोचणारी शिखरे आहेत. पण हे जुळणीचे दोष आहेत, आणि जुळणीचे दोष महागड्या वस्तूंतही भेटतात. शिवाय ते फोनमधल्या ईक्वलायझरने पुष्कळसे आवरता येतात. हार्मनचा तो प्रयोग मुळात याच शक्यतेवर उभा होता. ईक्वलायझरने जे दुरुस्त होत नाही ते म्हणजे गादीची फट आणि दुखणारा कान.

किंमत कशाची द्यावी

खंडनाने काम अर्धेच होते. किंमत व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही. ती कशासाठी देतो हे कळले पाहिजे.

बाहेरचा आवाज पुसणारी यंत्रणा खरोखर खर्चिक आहे. अमर बोस यांनी १९७८ साली एका विमानप्रवासात ही कल्पना हाती घेतली. तिला मायक्रोफोन, वेगवान गणित आणि नेमकी जुळणी लागते. रोज बस-लोकलने जाणाऱ्याने तिच्यासाठी पैसे द्यावेत, मात्र गादीला फट असेल तर तीही अपुरी पडते हे ध्यानात ठेवून. टिकाऊपणाला पैसे द्यावेत: बिजागरी धातूची आहे का, तार सुटी होऊन बदलता येते का, गाद्या वेगळ्या मिळतात का. कोकण-मुंबईच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याचे पापुद्रे लवकर सुटतात, तिथे कापडी किंवा सहज बदलता येणाऱ्या गाद्या असणे हा मोठा गुण आहे. सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ पासून चालू आहे आणि त्याचे सुटे भाग मिळतात. त्याची किंमत दुरुस्त करून वर्षानुवर्षे वापरण्यात वसूल होते. एकसारखेपणालाही किंमत आहे: डावा आणि उजवा कप सारखा वाजणे, या नगासारखाच पुढचा नग असणे. फार स्वस्त वस्तूंत ही शिस्त सैल असते. म्हणून घेतल्यावर लगेच एकट्या गायकाचे मुद्रण लावून आवाज बरोबर डोक्याच्या मध्यावर येतो का ते तपासावे आणि नसेल तर वस्तू परत करावी.

निवडीची रीत यातूनच निघते. मोजलेला आलेख उपलब्ध असेल तर पाहावा. मग हेडफोन नेहमीच्या चष्म्यासकट लावावा. कान पूर्ण आत जातो का, पाळी कुठे टेकते का, हे बोटाने पाहावे. गाणे चालू असताना दोन्ही कप तळहातांनी हलके दाबावेत. दाबताच खर्ज एकदम वाढला तर गादी नीट बसत नाही. जबडा हलवून, मान खाली घालून तेच पुन्हा करावे. निदान अर्धा तास तो डोक्यावर राहू द्यावा, कारण टाळूवरचा दाब पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी. आणि ऐकायला तंबोरा, एक स्त्रीचा आणि एक पुरुषाचा आवाज, तबला आणि साधे मराठी बोलणे घ्यावे. चमच्यातला दंत्य च आणि चिमट्यातला तालव्य च वेगळे उमटत असतील, श-स टोचत नसतील, आणि डग्गा घुमूनही शब्द बुडत नसतील, तर तो हेडफोन मराठी कानाच्या कामाचा आहे, मग त्याची चिठ्ठी काहीही सांगो.

ही परीक्षा तीन हजारांचा हेडफोन पार करू शकतो आणि तीस हजारांचा नापास होऊ शकतो. म्हणून विक्रेत्यांना, परीक्षणे लिहिणाऱ्यांना आणि विशेषतः संगीत शिकवणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे: विद्यार्थ्याला किमतीचा आकडा सांगू नका, कसे तपासायचे ते शिकवा. ज्या मुलीकडे चार हजारच आहेत, तिला तिच्या कानाला बसणारा, तंबोरा स्वच्छ ऐकवणारा हेडफोन त्या चार हजारांत शोधता येतो. तो शोधायला तिला मदत करणे हे जाणकाराचे कर्तव्य आहे. तिला परवडत नाही ते दाखवून गप्प करणे नव्हे.